दुसऱ्याकडे काम शिकणाऱ्याला विद्यावेतन, मग स्वतःचा धंदा मांडणाऱ्याला का नाही?

मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

तालुक्याच्या गावी नवउद्योजकांचे प्रकल्प अहवाल आणि कर्जाची कागदपत्रे तयार करून देण्याचे काम मी करते. प्रशिक्षण घेतलेली मुले-मुली पुढे कुठे अडतात, ते मला रोज दिसते.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका घेतलेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. शिकता शिकता घरही चालले पाहिजे, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. पण तोच आयटीआय झालेला मुलगा दुसऱ्याच्या कारखान्यात न जाता स्वतःचे फॅब्रिकेशनचे शेड टाकायला निघाला, तर या विद्यावेतनातला एक रुपयाही त्याला मिळत नाही.

त्याच्यासाठी कर्जाच्या योजना आहेत, हे मान्य. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून सुरू आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून. अनुदान प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के. केंद्राच्या योजनेत हे अनुदान तीन वर्षे बँकेत अडकून राहते आणि मग कर्जखात्यात वळते होते. ती अट असावीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण आहे पहिल्या सहा महिन्यांची. हप्ता थोडा पुढे ढकलता येतो. गाळ्याचे भाडे, वीजबिल आणि घरचा किराणा ढकलता येत नाही. लोखंड रोखीने आणायचे आणि गेट-ग्रिल उधारीवर द्यायचे, हा नव्या माणसाचा व्यवहार. गिऱ्हाईक बसेपर्यंत घरखर्च खेळत्या भांडवलातून निघतो. मग ऑर्डर येते तेव्हा माल आणायला पैसा नसतो. हातात कसब आहे, मशीन आहे, तरी शेड बंद पडते ते इथे.

केंद्राच्या योजनेत ५ लाखांवरील प्रकल्पासाठी १० दिवसांचे उद्योजकता प्रशिक्षण आहे. तेवढ्यात हिशोबाची तोंडओळख होते. उधारी कशी वसूल करायची, दर किती खाली आणायचा, हे प्रश्न धंदा उघडल्यावरच पडतात आणि तेव्हा विचारायला कोणी नसते. १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे येथे सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर देशभर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करायचा, हे त्यांच्या पद्धतीतच आहे. राज्याच्या सगळ्याच योजनांना तो नियम लावा.

माझी मागणी एवढीच. कर्ज मिळून धंदा सुरू झाला की सहा महिने त्याच दराने विद्यावेतन द्या. दर महिन्याला खरेदी-विक्रीची वही मार्गदर्शकाला दाखवावी, ही अट ठेवा. प्रमाणपत्रे किती वाटली याऐवजी दोन वर्षांनी किती धंदे चालू आहेत, ते जिल्हावार जाहीर करा. एकदम राज्यभर जमणार नसेल, तर येत्या अर्थसंकल्पात नंदुरबार आणि धाराशिवसाठी तरतूद करून सुरुवात करावी.

आपली नम्र,
कर्जप्रकरणांची एक सल्लागार, सांगली जिल्हा