बॅटरी बदलण्याआधी जोडण्या तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडी सुरू होईना की आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. दोन्ही नवेकोरे बसवलेल्या आणि तरीही चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ करणाऱ्या गाड्या माझ्याकडे सारख्या येतात. दोष निघतो बॅटरीच्या टर्मिनलवर, अर्थिंगच्या पट्टीत (बॅटरीच्या निगेटिव्हकडून इंजिनला जाणारी जोडणी) नाहीतर एखाद्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या खटक्यात. मालकाचा एवढा खर्च फुकट गेलेला पाहून खरंच वाईट वाटतं.

सेल्फ सहज १५० अँपिअर करंट ओढतो. वाटेत ०.०२ ओहमचा अडथळा असला, तरी एवढ्या करंटला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. साध्या मल्टिमीटरला ओहमच्या रेंजवर हा अडथळा धड दिसतही नाही. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर टेकवावी आणि दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगावं. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर क्लॅम्प खोलाच. वरून चकचकीत असलेल्या क्लॅम्पच्या आत खुंटाला काळपट थर धरलेला सापडतो. हीच तपासणी बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत करावी.

दुसऱ्या बॅटरीवरून जंपर केबल लावल्यावर गाडी सुरू झाली, म्हणजे बॅटरीच गेली, असं धरून चालतात. पण काळी केबल इंजिनला लावलेली असेल, तर करंट खराब अर्थिंगच्या पट्टीला वळसा घालून जातो. अशा गाडीत नवी बॅटरी टाकून काय साधणार?

‘टक्’सुद्धा होत नसेल आणि दिवे मात्र लख्ख असतील, तर सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या चुंबकी स्विचची, बारीक वायर पाहावी. तिच्या टोकाची पत्ती गरम होऊन सैल पडते, बोट लावलं तरी हलते. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, अशा वेळी क्रँक सेन्सरच्या (इंजिन फिरतंय हे कळवणाऱ्या सेन्सरच्या) कपलरमध्ये पाणी किंवा हिरवा गंज आहे का, ते बघावं.

साफसफाई करताना आधी निगेटिव्ह काढावा, जोडताना तो शेवटी लावावा. पेट्रोलियम जेली क्लॅम्प आवळल्यानंतर वरून लावावी.

माझ्या व्यवसायबंधूंना एक कळकळीची विनंती आहे. टेस्ट लॅम्पची सुई वायरीच्या आवरणात टोचू नका. त्या छिद्रातून ओल आत शिरते, तांबं आतल्या आत खाल्लं जातं आणि काही महिन्यांनी तीच गाडी पुन्हा बंद पडते. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवूनही व्होल्टेज मोजता येतं.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन