खिडकीपाशी सोबत कोण उभे राहणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सरकारी खिडकीपाशी अल्पसंख्य असणे म्हणजे काय, हे कर्नाटकातल्या सीमाभागातल्या मराठी माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. कानडी अर्ज हातात धरून तो भरून देणारा शोधत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या आवारात फिरलेले कुणी ना कुणी प्रत्येक घरात आहे. त्याच खिडकीपाशी एखादी तृतीयपंथी व्यक्ती येते, तेव्हा भाषेची अडचण असतेच, वर लिंगाच्या रकान्याची असते, आणि दलित घरातली असेल तर जातीच्या दाखल्याचीही. ही ओझी सुटी सुटी उतरवता येत नाहीत. एकाला हात घातला की दुसरे घसरते. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या अवस्थेला नाव दिले, मराठीत तिला आंतरछेद म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यामागचा जाच खानापूर-निपाणीत रोज पाहायला मिळतो.

आमचे मागणे असे की, समलिंगी आणि पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) माणसांच्या बाजूने उभे राहू इच्छिणाऱ्यांनी आधी कागदपत्रांना हात घालावा, आणि ज्याच्या डोक्यावर सर्वांत जास्त ओझे आहे त्याच्यापासून सुरुवात करावी. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सैल झाला, तेव्हा स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या समलिंगी नोकरदाराच्या मनावरचे दडपण बरेच उतरले. यल्लम्मा देवीच्या नावाने जोगवा मागणाऱ्या दलित जोगत्याला मात्र पोलीस हटकतात ते रस्त्यावर उभे राहण्यावरून. कर्नाटक पोलीस कायद्यात २०११ मध्ये ३६अ हे कलम घालून तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली होती. संघटनांनी हायकोर्टात दाद मागितली, तेव्हा कुठे त्या कलमातला हिणवणारा शब्द गेला. दोघांना एकाच मापाने मदत करू गेलो तर ती पहिल्याच्याच पदरात पडते.

पहिला कागद म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरात निघाले. अर्ज केंद्राच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. त्याला फोटो, पत्त्याचा पुरावा, सहीचा स्कॅन आणि स्वतःची ओळख सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडायचे. वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता अर्ज निकाली काढावा, असे २०२० मध्ये निघालेल्या नियमांत स्पष्ट लिहिले होते. प्रमाणपत्र देण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे आणि अर्ज फेटाळला तर ९० दिवसांत अपील करता येते. तरीही ‘ऑपरेशनचा कागद आणा’ हे वाक्य ऐकावे लागते, कारण कलम ६ आणि कलम ७ यांची गल्लत होते. २०१९ च्या मूळ कायद्यात नुसत्या तृतीयपंथी ओळखीसाठी कलम ६. शस्त्रक्रियेनंतर कागदावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर कलम ७, आणि हॉस्पिटलचा दाखला तिथेच लागतो. सोबत जाणाऱ्याने नियमांची छापील प्रत बरोबर ठेवावी. वाद घालू नये, बोट ठेवून ओळ दाखवावी. आणि अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर नियम तेच आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे.

खरी अडचण होते ती १२ महिन्यांच्या अटीपाशी. अर्जदाराचे वास्तव्य त्या जिल्ह्यात अर्जाच्या तारखेपर्यंत सलग १२ महिने असावे लागते. घरातून निघालेले पोर पुणे-मुंबईला किंवा गोव्याला गुरूकडे जाते, काही वर्षांनी परत येते, तोवर रेशन कार्डावरून नाव उडालेले असते. म्हणून परतल्याबरोबर पहिल्याच महिन्यात मतदार यादीत नाव घालावे आणि राहत्या जागेचा लेखी भाडेकरार करून घ्यावा, म्हणजे महिने मोजायला आधार मिळतो. मदत करायची इच्छा असलेल्या घरमालकाने खोली तर द्यावीच, पण करारावर सहीही द्यावी. तोंडी दिलेल्या खोलीचा पुरावा होत नाही.

दुसरी गोची खास आपल्या भागातली आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’ असे नाव असले की मराठी वळणाचे इंग्रजी स्पेलिंग ‘डी-एन-वाय’ने सुरू होते. तेच नाव कानडीतून इंग्रजीत गेले की ‘जे-एन’ने सुरू होते. आडनाव एका कागदावर आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. एरवी अशी चूक एका प्रतिज्ञापत्राने निभावते. नाव बदललेल्या माणसाला मात्र जुन्या नावाची आणि नव्या नावाची अशा दोन साखळ्या जुळवाव्या लागतात, आणि एक कडी निसटली की अर्ज परत येतो. म्हणून नवे नाव ठरवतानाच ते मराठी, कानडी आणि इंग्रजीत एका कागदावर लिहून पाहावे, आणि तिन्हीकडे न बिघडणारे असेल तेच घ्यावे. प्रतिज्ञापत्रात जुन्या नावाची सगळी रूपे ‘ऊर्फ’ लावून उतरवावीत. मग क्रम असा: प्रमाणपत्र, त्यावरून आधार, आधारवरून पॅन आणि बँक, आणि मग शाळेचे, एसएसएलसीचे (दहावीचे) दाखले. प्रमाणपत्र दाखवून अर्ज केल्यावर इतर कागदांवरची नोंद १५ दिवसांत बदलून द्यावी, असे नियम सांगतात. त्या यादीत जातीचा दाखला, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, लायसन्स, सगळे आहे. प्रत्येक ठिकाणी तारखेच्या शिक्क्याची पोच घ्यावी. पोच नसेल तर १५ दिवस कुठून मोजणार?

जातीच्या दाखल्यावर थोडे थांबायला हवे, कारण आधार देणारे बहुतेक जण इथे मागे राहतात. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे असे सांगितले. पण सगळ्यांना एकाच मागास यादीत बसवले तर दलित तृतीयपंथी व्यक्तीच्या पदरात जास्तीचे काय पडते? कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत १ टक्का आडवे आरक्षण दिले. आडवे म्हणजे खुला, मागास, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती या प्रत्येक वर्गाच्या आत १ टक्का. देशात हे पहिल्यांदा कर्नाटकाने केले, आणि सीमावासीयांनी त्याचे कौतुक मोकळ्या मनाने करावे. मात्र त्याचा लाभ घ्यायला ओळख प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला असे दोन्ही कागद हवेत. नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) जातीच्या दाखल्यासाठी वडिलांची कागदपत्रे विचारतात, आणि ज्याला वडिलांनीच घराबाहेर काढले त्याने ती आणायची कुठून? अशा वेळी स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, सख्ख्या भावंडाचा किंवा चुलत्याचा जातीचा दाखला, आणि नाते दाखवणारे जुने रेशन कार्ड कामी येते. घरात एखादी बहीण किंवा आत्या मायेची असतेच. तिने पेटीतून त्या दाखल्याची झेरॉक्स काढून दिली, तर शंभर सभांनी होणार नाही एवढे काम होते. बौद्ध कुटुंबांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे. पण शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असेल तर मूळ जातीची नोंद आधीच्या पिढीच्या दाखल्यात शोधावी लागते. ते काम आधी करून ठेवावे.

मारहाण, छळ झाला तर फिर्याद लिहिताना जात वगळण्याची चूक पोलीस ठाण्यातही होते. २०१९ च्या मूळ तृतीयपंथी कायद्याच्या कलम १८ मध्ये ६ महिने ते २ वर्षे शिक्षा होती, लैंगिक अत्याचारालाही तेवढीच, आणि हा त्या कायद्यावरचा मोठा डाग. पीडित व्यक्ती दलित असेल आणि मारणारा त्या समाजाबाहेरचा असेल, तर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लावता येतो का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. त्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. फिर्यादीत जातीचा उल्लेखच आला नाही तर ते कलम लागत नाही, आणि नंतर जोडणे अवघड जाते. म्हणून जातीवरून दिलेली शिवी आणि लिंगावरून दिलेली शिवी, दोन्ही जशाच्या तशा लिहून घ्यायला सांगावे. जबाब मराठीत दिला असेल तर कानडीत लिहिलेला मजकूर मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक मंडळाच्या फलकावर लिहून ठेवावा.

‘तृतीयपंथी’ म्हटले की डोळ्यांसमोर साडी येते. पारलिंगी पुरुष, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंदलेला, त्यात हरवतो. समलिंगी बायकाही हरवतात. त्यांच्या वाट्याला येते ती ‘मुलगी पळून गेली’ ही तक्रार. तक्रार बेळगावात, जोडपे कोल्हापुरात, दोन राज्यांचे पोलीस, आणि मधे घरच्यांची गाडी. दोघे सज्ञान असतील तर वयाचा पुरावा आणि ‘आम्ही स्वखुशीने राहत आहोत’ असे सही-तारखेचे निवेदन नातेवाईक नसलेल्या विश्वासू माणसाकडे आधीच ठेवावे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टांना सांगितले आहे की, अशा प्रकरणात त्या व्यक्तीची इच्छा घरच्यांना दूर ठेवून एकांतात विचारावी, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिची ओळख किंवा लैंगिक कल बदलायचा प्रयत्न करू नये. ‘बरे करतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे नेणे तर सरळ धोक्याचे. अशा उपचाराला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. मन खचले असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ खात्याने स्पष्ट केले की, असे जोडपे बँकेत संयुक्त खाते काढू शकते आणि जोडीदाराला नॉमिनी करू शकते. रेशन कार्डासाठी त्यांना एक कुटुंब मानावे, असेही केंद्राने राज्यांना कळवले आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. मृत्युपत्र नसेल तर पैशावर घरचे हक्क सांगू शकतात. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही.

जोगत्यांबद्दल जपून बोलावे. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माचा जग (देवीची टोपली) डोक्यावर घेऊन जाणाऱ्याची ओळख देवीशी, गुरूशी, जोगत्यांच्या मेळ्याशी बांधलेली असते. ‘तू ट्रान्सजेंडर की गे?’ असे त्याला आल्या आल्या विचारणे म्हणजे आपल्या सोयीचा रकाना त्याच्या कपाळावर चिकटवणे. १९८२ च्या कायद्याने देवदासी सोडण्याची प्रथा बंद केली आणि ते योग्यच झाले, पण त्या कायद्याची भीती दाखवून आज जग वाहणाऱ्याला हिणवू नये. मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या जोगतीपण बाजूला ठेवून तिथे पोहोचल्या नाहीत, जोगती नृत्य हीच त्यांची कला.

आमच्या वाचनालयांनी, महिला मंडळांनी, गणेश मंडळांनी कार्यकारिणीत जागा द्यायची तर दोन द्याव्यात. एकट्या माणसाला शोभेसाठी बसवले जाते, दोघांना एकमेकांचा आधार होतो. त्यांतली एक जागा रोजावर जगणाऱ्याची असावी, आणि बैठकीच्या दिवसाचा रोज व एसटीभाडे मंडळाने द्यावे. बैठक मंगळवारी किंवा शुक्रवारी ठेवू नये, ते जोगव्याचे वार आहेत. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास तर नकोच, तेव्हा सगळे डोंगरावर असतात. वर्षभर ‘बोलावले तरी येत नाहीत’ ही तक्रार करणाऱ्यांनी आपली बैठकीची वही उघडून वार तपासावेत.

आता जनगणनेविषयी. २०११ च्या जनगणनेत लिंगासाठी पुरुष, स्त्री यांशिवाय ‘इतर’ हा तिसरा पर्याय होता, आणि देशभरात त्यात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. २०२७ च्या जनगणनेत जातही विचारण्याचा निर्णय झाला आहे. म्हणजे जात, लिंग आणि मातृभाषा एकाच घराच्या माहितीत एकत्र येतील. मातृभाषेसमोर ‘मराठी’च लिहून घ्या, असे आपल्या संघटना दरवेळी गल्लोगल्ली सांगतात. एखाद्या तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर सरकारी सूचना त्या भाषेतही मिळाव्यात, हा हक्क त्या आकड्यावर उभा आहे. त्याच फेरीत, त्याच माणसांनी, उंबऱ्यात उभे राहून आणखी एक गोष्ट सांगावी: प्रगणक घरच्या कर्त्याला विचारतो आणि कर्ता लाजेने खोटे सांगतो, तर ज्याचे त्याला बोलू द्या. जोगते आणि गुरूच्या घरी एकत्र राहणाऱ्यांपर्यंत प्रगणक पोहोचला का, हेही पाहावे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे. बातमीत व्यक्ती सांगते तेच नाव आणि लिंग छापावे, कंसात जुने नाव नको. गुन्ह्याचा बळी असेल तर गल्लीचे नाव आणि फोटो टाळावा. आपल्या गावांत गल्ली सांगितली की घर कळतेच. एकाने गुन्हा केला तर ‘तृतीयपंथीयांचा हैदोस’ असा मथळा अख्ख्या समाजावर बसतो, आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात त्याचे पडसाद उमटतात. आणि जागा असेल तेव्हा ओळख प्रमाणपत्राच्या अर्जाचा आणि प्रतिज्ञापत्राचा मराठी मजकूर आपण एका चौकटीत छापावा. कात्रण काढून खिशात ठेवता येईल एवढाच.

आपले,
कागदपत्रांच्या मदतीचे काम करणारे काही कार्यकर्ते
बेळगाव, खानापूर, निपाणी