पुण्याच्या मोलकरणींची फिल्म बर्लिनने जपली, आपण कधी जपणार?

संपादक, सप्रेम नमस्कार,

फातमा बेगम यांचा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ १९२६ साली आला, म्हणजे २०२६ हे त्याचं शंभरावं वर्ष. भारतात बाईने डिरेक्ट केलेला पहिला सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात, कंपनी पण त्यांची स्वतःचीच होती, आणि आज त्याची एकही प्रिंट शिल्लक नाही. मूकपटाच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या आसपास सिनेमे झाले आणि त्यातले जेमतेम तीसेक उरले, तेही बरेचसे अर्धेमुर्धे, त्यामुळे ते गेलं ते गेलं. मला लिहायचंय ते ज्या फिल्म्स अजून हाताशी आहेत त्यांच्याबद्दल.

१९८० च्या सुमाराला पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, संघटना उभी केली, जुन्या लोकांना आठवत असेल. त्यावर ‘मोलकरीण’ नावाची फिल्म झाली १९८१ मध्ये, आणि पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतल्या बायकांवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. दोन्ही मराठीत, पंचवीसेक मिनिटांच्या, १६ एमएमच्या अरुंद फिल्मवर, आणि दोन्ही केल्या ‘युगांतर’ नावाच्या ग्रुपने, म्हणजे दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेऱ्यावर नवरोज कॉन्ट्रॅक्टर. या फिल्म्स थिएटरला लागायला केलेल्याच नव्हत्या, प्रोजेक्टर घेऊन वस्तीत, युनियनच्या मीटिंगला दाखवायच्या आणि मग बायकांनी त्यावर बोलायचं, असं ते काम होतं.

या फिल्म्स वाचवल्या कोणी तर बर्लिनच्या आर्सेनल या सिनेमे जपणाऱ्या संस्थेने. तिथे त्या डिजिटाइझ झाल्या, सबटायटल्स लागली, आज जगभरचे अभ्यासक त्या बघतात. आर्सेनलचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण संप पुण्यातला, बायका पुण्याच्या, भाषा आपली, आणि राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ पासून पुण्यातच, लॉ कॉलेज रोडवर. मग हे काम इथून का सुरू झालं नाही, हा प्रश्न मला सोडत नाही.

मला वाटतं याचं कारण शोधायच्या पद्धतीत आहे. फिल्म शोधायची म्हणजे दिग्दर्शकाचं नाव, रिलीजचं साल, सेन्सॉर सर्टिफिकेट, पोस्टर, गाण्याचं पुस्तक या वाटेने जायचं, आणि बायकांचं बरंचसं काम या वाटेवर सापडतच नाही कारण ते ग्रुपच्या नावावर असतं, संस्थेच्या नावावर असतं, ‘संशोधन’ नाहीतर ‘सहाय्य’ अशा पाटीखाली असतं. दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून केमिकल मिसळण्यापर्यंत सगळं केलं, पण श्रेयनामावलीत शोधायला गेलात तर त्या भेटणार नाहीत. दिग्दर्शक सुमित्रा भावेंची ‘बाई’ ही फिल्म पण १९८५ ला ‘स्त्रीवाणी’ या संस्थेच्या संशोधनातूनच आली ना. तेव्हा शोधायचं असेल तर संस्थांच्या कपाटात शोधायला पाहिजे.

मी एका संघटनेच्या ऑफिसात कपाट आवरायला मदत करत होते, तर खालच्या कप्प्यात पत्र्याचा गोल डबा निघाला. झाकण उघडल्याबरोबर व्हिनेगरचा भपकारा आला, आतली रीळ कडेने लाटा आल्यासारखी झालेली, डब्यावरच्या चिकटपट्टीवर फक्त ‘शिबिर’ एवढं वाचता येत होतं. हा वास आला म्हणजे अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म सडायला लागली, ते उलटं फिरवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून फक्त लांबवता येतं. पण डब्याशेजारी एक वही होती, त्यात कुठल्या गावात शो झाला, किती बायका आल्या, फिल्म संपल्यावर कोण काय म्हणाली हे सगळं लिहिलेलं. माझ्या मते ती वही फिल्मइतकीच मोलाची, कारण ती फिल्म कोणासाठी होती आणि तिने काय केलं हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसणार. ती रद्दीच्या गठ्ठ्यात होती.

म्हणून फिल्म संग्रहालयाने (आता ते एनएफडीसीकडे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे) आणि मुंबईत पेडर रोडवरच्या सिनेमा म्युझियमने मिळून एक-दोन अभ्यासक मुलींना खास याच कामावर नेमावं, पुणे, मुंबई, निपाणी, जिथे जिथे ऐंशीच्या दशकात बायकांच्या संघटना होत्या तिथे पाठवावं. डबे, यू-मॅटिक टेप (जुन्या व्हिडिओ कॅसेट), वह्या, फोटो जमा करावेत आणि माणसांना बोलतं करून रेकॉर्डिंग करावं. हे आत्ताच व्हायला हवं. सुमित्राताई २०२१ मध्ये गेल्या, नवरोज कॉन्ट्रॅक्टर २०२३ मध्ये. तेव्हा फिल्ममध्ये बोललेल्या तरुण बायका आज सत्तरीच्या पुढे असतील.

आणि दाखवायचं म्हणजे दरवर्षी ८ मार्चला तेच ठरलेले तीन-चार सिनेमे लावणं नव्हे. ‘मोलकरीण’ कोथरूडच्या थिएटरमध्ये दुपारी लावा, दोन घरांच्या कामाच्या मधल्या वेळेत, आणि आज घरकाम करणाऱ्या बायकांना बोलवा, तिकीट ठेवू नका. तेव्हाच्या आणि आताच्या पगारावर, सुट्ट्यांवर त्या काय बोलतात तेही रेकॉर्ड करून त्याच फिल्मसोबत जपा.

वाचकांनाही सांगणं आहे. घरात, संस्थेत असा डबा किंवा टेप असेल तर भंगारात देऊ नका, आणि जुना प्रोजेक्टर काढून लावूनही बघू नका, आक्रसलेली रीळ त्यात फाटते. माळ्यावर पत्र्याखाली तापते तिथून खाली आणा, लेबलवर जे काही वाचता येतंय ते कागदावर उतरवून ठेवा, फिल्म कोणी केली हे घरात कोणाला आठवत असेल तर तेही लिहा, आणि संग्रहालयाला कळवा.

आपली,
एक वाचक, पुणे