लवचीक म्हणजे स्थितिस्थापक नव्हे

महोदय,

गुडघ्याला बांधायची पट्टी असो, स्ट्रेच जीन्स असो की पुलाखालचा रबरी गादीचा थर, बातमीत आणि जाहिरातीत त्याला ‘लवचीक’ म्हणून मोकळे होण्याची सवय जडली आहे. लवचीक म्हणजे लवणारे, वाकणारे. वेताची छडी लवचीक, तांब्याची बारीक तारही लवचीक. पण वाकवून सोडली की छडी सरळ होते आणि तार वाकडीच राहते. हा फरक नेमका सांगणारा शब्द आपल्याकडे असताना तो वापरातून जावा, याचे वाईट वाटते. तो शब्द म्हणजे ‘स्थितिस्थापक’.

शब्द जड आहे खरा, पण तो कुठल्या परिभाषा समितीने घडवलेला नाही. न्याय आणि वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनांच्या पंडितांनी ‘संस्कार’ नावाच्या गुणाचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या त्याच परंपरेतल्या ग्रंथात तिसऱ्यासाठी उदाहरण येते ते चटईचे. बरेच दिवस गुंडाळून ठेवलेली चटई पसरा, कडा पुन्हा आत वळतात.

कापडाच्या बाबतीत हा भेद थेट खिशाशी येतो. पट्टीवर 10 सेंटिमीटर अंतराने दोन खुणा करा, 15 सेंटिमीटरपर्यंत ताणून मिनिटभर धरा, सोडा आणि पाच मिनिटांनी मोजा. अंतर पुन्हा 10 भरले तर माल स्थितिस्थापक. साडेदहा भरले तर तो नुसता ताणला जाणारा. स्ट्रेच जीन्समध्ये परत येण्याचे काम बहुधा 1 ते 3 टक्के इलास्टेन हा ताणला जाणारा कृत्रिम धागा करतो, सूत नव्हे. क्लोरिनचे ब्लीच आणि कडक इस्त्री यांनी आधी मरतो तो हाच धागा. मग गुडघ्यावर फुगवटा येतो आणि तो बसत नाही. शिलाईचेही तसेच: साधा सरळ टाका घातला तर कापड ताणते, दोरा ताणत नाही, आणि शिवण तटकन उसवते. तिथे झिगझॅग किंवा ओव्हरलॉकच हवा.

विद्यार्थ्यांचा गोंधळ याहून मोठा. जास्त ताणले जाते ते जास्त स्थितिस्थापक, असे समजून ते रबराला पहिला नंबर देतात. भौतिकशास्त्रात मोजतात तो विकृतीला, म्हणजे आकार बदलण्याला, होणारा विरोध. हा विरोध सांगणारा आकडा म्हणजे यंग गुणांक. पोलादाचा तो सुमारे 200 गिगापास्कल, रबराचा त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी. म्हणून पोलाद वरचढ, अर्थात स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली नाही तोवर.

अर्थशास्त्रातली ‘मागणीची लवचिकता’ रुळलेली आहे, ती खुशाल राहावी. नाडीऐवजी ओवतात त्या पट्टीला ‘इलॅस्टिक’च म्हणावे. मात्र वस्तूचा गुण सांगताना वाकते ते लवचीक, ताणते ते ताणक्षम आणि मूळ आकारात परत येते ते स्थितिस्थापक, एवढे आपल्या उपसंपादकांनी पाळावे, ही विनंती.

— एक विज्ञानशिक्षक, इचलकरंजी