18 जूनच्या बेताबद्दल

फोंडा, गोवा
मंगळवार, रात्री

प्रिय मनोज,

सप्रेम नमस्कार.

18 जूनला, गोवा क्रांतिदिनी, पणजीच्या आझाद मैदानावर दोनशे माणसं जमवून आधार कार्डांची होळी करायची, हा तुझा बेत मला पटला नाही. विरोधाबद्दल आपलं दुमत नाही. महिन्याच्या तांदळासाठी म्हातारीचा अंगठा मागणारी व्यवस्था मलाही तुझ्याइतकीच सलते. पण ही होळी चुकीच्या जागी पेटतेय.

तू दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालचं उदाहरण दिलंस, तेच नीट बघ. 1907 च्या कायद्याने तिथल्या आशियाई माणसांवर बोटांचे ठसे देऊन परवाना घेण्याची सक्ती आली. लोकांनी कितीतरी महिने नोंदणीच केली नाही. कचेरीबाहेर स्वयंसेवक उभे असत. कुणाला अडवायचं नाही, उद्धट बोलायचं नाही, ज्याला नोंदणी करायचीच आहे त्याला सोबत हवी असेल तर आत पोचवून यायचं, अशी त्यांना ताकीद होती. मग तडजोड झाली, लोकांनी आपखुशीने परवाने घेतले, तरी कायदा रद्द होईना. तेव्हा गांधीजींनी सरकारला मुदत घालून कळवलं. 16 ऑगस्ट 1908 ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात सभा भरली, सरकारच्या नकाराची तार सायकलवरून सभेत आली, आणि मगच दोन हजारांवर परवाने मोठ्या कढईत घालून, रॉकेल ओतून पेटवले. परवाना जाळलेल्या माणसाला कुठलाही शिपाई रस्त्यात धरू शकत होता, कारण सगळं त्या कागदावर होतं. आधारचं तसं नाही. सकाळी जाळलेलं कार्ड संध्याकाळी पुन्हा छापून मिळतं. नंबर आणि ठसे सर्व्हरवर असतात. सरकारला तुझं कार्ड नको, तुझं बोट हवं. म्हणून नकार द्यायचा तो खिडकीवर, मशीनसमोर.

त्याआधी कुठे कायदा आपल्या बाजूने आहे आणि कुठे नाही, हे सगळ्यांना पाठ हवं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 26 सप्टेंबर 2018 चा, चार विरुद्ध एक. अनुदान आणि सरकारी योजनांसाठी आधार मागायला मुभा दिली (आधार कायद्याचं कलम 7), पॅन जोडणी टिकली. खासगी कंपन्यांना मोकळीक देणारं कलम 57 गेलं. बँक खातं, मोबाइल सिम आणि शाळाप्रवेश यांची सक्ती गेली. 2019 च्या दुरुस्तीने बँक आणि सिमसाठी आधार चालतं, पण ते स्वखुशीने. पासपोर्ट किंवा दुसरा मान्य पुरावा दिला तर घ्यावाच लागतो. म्हणजे शाळेच्या किंवा सिमच्या दुकानातल्या खिडकीवर 'आधार देणार नाही' म्हणणं हा कायदेभंग नाही, कायद्याचा आग्रह आहे. सुरुवात तिथूनच करा. माणसांना 'नाही' म्हणायची सवय लागते आणि त्यात कुणाचं पोट अडत नाही.

पद्धत अशी. तोंडी वाद घालायचा नाही. अर्ज दोन प्रतींत न्यायचा: 'सोबत अमुक ओळखपत्र जोडलं आहे. आधार सक्तीचं असल्यास कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने, ते लेखी कळवावं.' दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा. सरकारी कचेरी असेल तर सोबत माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्यात 'का मागता?' असं विचारू नकोस. 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. 'आधार मागण्याच्या आदेशाची किंवा परिपत्रकाची प्रत द्यावी' एवढंच लिही. आदेशच नसेल तर तसं लेखी मिळतं, आणि तो कागद सभेत वाचून दाखवता येतो.

आता रेशन. गरिबाला पुढे करून नकार द्यायला लावू नकोस. ज्यांचं धान्य, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे किंवा गृह आधार यावर घर चालतं, त्यांचं नाव नकाराच्या यादीत अजिबात नको. (गृह आधार ही गृहिणींची वेगळी योजना आहे, हेही पत्रकात लिही, नावामुळे गावात गोंधळ होतो.) त्यांच्यासाठी आपलं काम साक्षीदाराचं.

काजूबिया फोडणाऱ्या बाईचा अंगठा जवळून बघ. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, बोटाच्या टोकावरच्या रेषा पुसट होतात. ती मशीनच्या काचेवर अंगठा दाबते, जुळत नाही. पदराला पुसून पुन्हा दाबते, जुळत नाही. तिसऱ्या वेळी दुकानदार 'उद्या या' म्हणतो आणि तिची एक दिवसाची मजुरी जाते. इथे तिच्याबाजूला उभ्या असलेल्या आपल्या माणसाला चार गोष्टी माहीत हव्यात. एक, दहाही बोटं वापरून बघता येतात, एकाच अंगठ्यावर अडायचं नाही. दोन, डोळ्याची बुबुळं किंवा मोबाइलवरचा ओटीपी चालतो का, ते विचारायचं. तीन, पडद्यावर कोड दिसला तर टिपायचा: 300 म्हणजे ठसे जुळले नाहीत, 330 म्हणजे धारकाने स्वतःच बायोमेट्रिक लॉक केलं आहे. चार, अंगठा जुळला नाही म्हणून लाभ नाकारायचा नाही, असं आधार प्राधिकरणाचंच 24 ऑक्टोबर 2017 चं परिपत्रक आहे. त्याची प्रत खिशात ठेवायची आणि दुकानदाराच्या हातात शांतपणे द्यायची. त्याच्यावर आवाज चढवू नये. त्याचंही कमिशन त्याच मशीनवर अवलंबून असतं.

चार दुकानं निवडा आणि तीन महिने वही ठेवा. रकाने: तारीख, वेळ, दुकान, किती बोटं लावली, पडद्यावर काय आलं, धान्य मिळालं की नाही, किती फेऱ्या झाल्या. आधार क्रमांक लिहायचा नाही. नाव लिहिलं तर त्या व्यक्तीला विचारून. लोकांची यादी करण्याला विरोध करायला निघालेले आपण, आपल्याच वहीत दुसरी यादी बनवायची का? ही वही तुझ्या होळीपेक्षा जड आहे. अन्नपुरवठा खात्याच्या टेबलावर ती ठेवली की तिला उत्तर द्यावं लागतं.

ज्यांना परवडतं त्यांनी स्वतःचं बायोमेट्रिक लॉक करावं. लॉक केलं तरी ओटीपी चालू राहतो. गेल्या सहा महिन्यांत आपला नंबर कुठे कुठे तपासला गेला, ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसतं. ते प्रत्येकाने एकदा बघायला लावा, भाषणापेक्षा ते जास्त बोलतं. मात्र घरातल्या ज्या माणसाच्या अंगठ्यावर रेशन येतं, त्याचं लॉक चुकूनही करायचं नाही.

खरा कायदेभंग करायची वेळ येईल ती लोकसंख्या नोंदवहीवर, म्हणजे एनपीआरवर. 2003 च्या नियमांनी नागरिकांची नोंदवही आणि राष्ट्रीय ओळखपत्र यांची वाट करून ठेवली आहे. 2020 मध्ये ती घरोघर जाणार होती, कोविडमुळे थांबली. त्या वेळी आईवडिलांची जन्मतारीख आणि जन्मठिकाण असे प्रश्न जोडले होते. गोव्यात हे जास्त बोचतं. 1961 पूर्वीचे दाखले पोर्तुगीज नोंदीत आहेत, त्यात एकाच घरातली आडनावं तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात, गावांची नावंही वेगळी. आजोबांच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, नातवाच्या पासपोर्टवर दुसरं. अशा घरात जुळवाजुळव कोण आणि कशी करणार?

नियमांप्रमाणे माहिती न देण्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो जाहीरपणे ओढवून घेणं, हा आपला कायदेभंग. पण जनगणना आणि एनपीआर यांची गल्लत होऊ देऊ नकोस. जनगणनेला उत्तरं द्यायची, तिच्यावर आपला आक्षेप नाही, तिचा कायदाही वेगळा, 1948 चा. दारात येणारी बाई बहुधा प्राथमिक शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असते. तिला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि सही केलेलं पत्र हातात द्या: 'जनगणनेची माहिती देत आहे. एनपीआरच्या प्रश्नांना उत्तर देण्यास मी नकार देतो.' खोटी माहिती कधीच द्यायची नाही. नकार ताठ मानेने देता येतो, खोटं पकडलं गेलं की सगळ्यांची मान खाली जाते. तिचा फॉर्म ओढला, धक्काबुक्की केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागू शकतं, ते अजामीनपात्र आहे. तिथे एक तरुण गेला की महिनाभर सगळं आंदोलन जामिनामागे धावतं.

ग्रामसभेत ठराव घ्यायचा असेल तर तो आधी लेखी पंचायत सचिवाकडे द्या आणि पोच घ्या. ऐनवेळी उठून मांडलेला ठराव बहुधा इतिवृत्तात येत नाही.

आता 18 जून. त्या दिवशी सकाळी आझाद मैदानावर आणि मडगावच्या लोहिया मैदानावर सरकारी मानवंदना असते, बंदोबस्त दाट असतो. 1946 मध्ये त्या तारखेला राममनोहर लोहियांनी मडगावात मोडला तो एकच, सगळ्यांना ठाऊक असलेला नियम: परवानगीशिवाय सभेत बोलायचं नाही. तेवढा नेमकेपणा आपल्याकडे आला की ती तारीख घे. नाहीतर दुसरा एखादा रविवार बरा.

जून घेतलास तर पावसाची तयारी हवी. सह्यांचे कागद पारदर्शक पिशवीत, क्लिपबोर्डला बांधून, आणि पेन बॉलपेन; जेलची शाई पहिल्या सरीत वाहून जाते. एप्रिल-मे घेतलास तर दोनशे माणसांना तीन तासांसाठी माणशी लिटरभर पाणी, म्हणजे वीस लिटरचे दहा जार, शिवाय मीठ-साखर. वीस माणसांमागे एक स्वयंसेवक. फलक मराठीत, कोंकणीत देवनागरी आणि रोमी दोन्ही; सासष्टीतल्या कितीतरी लोकांना रोमीच वाचायची सवय. अक्षर वीतभर उंच. ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखी घ्या. सभा पाचला संपवा, नाहीतर सत्तरी आणि काणकोणची माणसं शेवटच्या बसच्या धास्तीने मधूनच उठतात आणि मैदान रिकामं दिसतं.

आदल्या दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा जमावबंदी आदेश निघाला आहे का, ते बघा. तो मोडायचा की नाही, हे आधी बसून ठरवा, मैदानावर नाही. मोडायचा तर फक्त नाव दिलेल्यांनी. आदेश मोडल्याचं कलम, न्याय संहितेचं 223, जामीनपात्र आहे. ज्यांना अटक परवडत नाही, ज्यांचा पासपोर्ट किंवा जहाजावरची नोकरी अडू शकते, त्यांनी आदेश वाचताच बाजूला व्हावं, आणि त्यात कुणी कमीपणा मानू नये. वकिलाचा नंबर पेनाने दंडावर लिहायचा, कारण फोन काढून घेतात. रोजची औषधं खिशात. फोनचं बोटाने उघडणारं कुलूप आदल्या रात्रीच बंद. अटकेचं कारण विचारायचं, घरच्या एकाला कळवायला सांगायचं, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेलं पाहिजे हे लक्षात ठेवायचं. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला सहसा अटक करता येत नाही, म्हणून स्त्रियांच्या तुकडीजवळ घड्याळ लावलेली एकजण हवी. दोघेजण नुसते टिपणीला ठेव. ते घोषणा देणार नाहीत, रांगेत बसणार नाहीत, फक्त वेळा आणि पोलिसांच्या नावपट्ट्या लिहून घेतील.

जाळायचंच असेल तर शेवटी, सरकारला मुदतीची नोटीस दिल्यावर, आणि झेरॉक्स प्रती, नंबर काळ्या मार्करने खोडून. फोटोत एकाचाही नंबर दिसता कामा नये.

नोटिशीचा मसुदा या आठवड्यात पाठव. मागणी एकच ठेव, मुदतीची तारीख कोरी सोड. चार दुकानं कुठली घ्यायची ते डिचोलीच्या बायकांना विचारून ठरव. कुठल्या दुकानात मशीन जास्त अडतं, ते त्यांनाच माहीत असतं.

तुझा,
विनय