अधिक महिन्याचा बाबिलोनी हिशेब

महोदय,
खगोलशास्त्राचा इतिहास सांगताना आपल्याकडे बरेचदा ग्रीकांपासून सुरुवात होते. प्राचीन बाबिलोनच्या (आजच्या इराकमधील) निरीक्षकांवर हा अन्याय आहे. १९ वर्षांत ७ अधिक महिने, म्हणजे एकूण २३५ चांद्रमास, हा चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक खगोलज्ञ मेटॉनच्या नावे ओळखला जातो. पण बाबिलोनमध्ये त्याच शतकात तो राज्यकारभारात नियमितपणे वापरला जात होता.

त्याआधी अधिक महिना राजाज्ञेने ठरे. सम्राट हम्मुराबीचे एक पत्र उपलब्ध आहे. वर्ष मागे पडले आहे, म्हणून येणारा महिना दुसरा उलूलू म्हणून नोंदवा, असे तो अधिकाऱ्याला कळवतो. आणि पुढच्याच ओळीत बजावतो, की तश्रीतूच्या (उलूलूनंतरच्या महिन्याच्या) २५ तारखेचा कर आता दुसऱ्या उलूलूच्या २५ला पोहोचला पाहिजे. महिना वाढला, कराची मुदत नाही!

मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांच्या दैनंदिन नोंदींचे काम. मातीच्या पाट्यांवर चंद्र-ग्रहांच्या स्थितीबरोबर हवामान, युफ्रेटिस नदीची पातळी, सातू-खजुराचे भावही लिहिलेले आहेत. इ.स.पू. १६४चा हॅलेचा धूमकेतूही त्यांत सापडतो. पिढ्यान्‌पिढ्या, सुमारे सहाशे वर्षे हे चालले.

आपला अधिक मास सूर्यसंक्रांतीवरून ठरतो, पद्धत वेगळी. तरी २००४ आणि २०२३ दोन्ही वर्षी अधिक श्रावणच आला. अंतर १९ वर्षांचेच. पंचांगाविषयी लिहिताना आपल्या वृत्तपत्राने या बाबिलोनी नोंदींवर एखादा सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा