अश्विनी, लिहिण्याचे पैसे मागायला शीक

कोल्हापूर
जुलैचा दुसरा आठवडा

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, नोकरी सोडून पूर्णवेळ लिहू का? असल्या प्रश्नाला फोनवर हो-नाही करणं मला जमत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. माझं मत आधी सांगून टाकतो. लेखिका हो. पोटासाठी लिही, त्यात कमीपणा काहीच नाही. नोकरी मात्र या वर्षी सोडू नकोस, आणि सोडण्याआधी लिहिण्याचे पैसे मागायला शीक.

मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आल्यावर प्रूफं वाचली. पैशाच्या बाजूनं पुस्तक कसं उभं राहतं ते तिथं रोज दिसायचं. कागदवाला पैसे ठरल्याशिवाय रिमं उतरवत नसे. बाइंडर फर्म्यावर, म्हणजे छापील पानांच्या घडीवर, हिशेब करायचा. आमचा पगार लांबला तर आम्ही सगळे मिळून मालकाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचो. आणि ज्यानं ते पुस्तक लिहिलं तो माणूस कोपऱ्यातल्या बाकावर प्रूफं तपासत बसलेला असायचा. त्याला सांगितलं जायचं, आवृत्ती संपू दे, मग बघू. तोही बरं म्हणून सायकल काढायचा. मला हे तेव्हाही पटत नव्हतं. साहित्याची सेवा म्हणून फुकट काम कर, असं त्या सगळ्या माणसांत एकट्या लेखकालाच सांगतात, हा अन्याय आहे.

आता तुझा हिशेब मांडू. अडीचशे रुपयांचं पुस्तक, ५०० प्रतींची आवृत्ती, १० टक्के रॉयल्टी. शेवटची प्रत विकली जाईल तेव्हा तुझ्या हातात १२,५०० रुपये. कथासंग्रहाच्या तेवढ्या प्रती खपायला दोन वर्षंसुद्धा लागतात. पुण्यातल्या तुझ्या खोलीचं भाडं त्यात किती महिने निघेल ते तूच बघ. म्हणून नुसत्या कथांवर घर चालवायचं मनात धरू नकोस. मालिकांचे संवाद, ऐकायच्या पुस्तकांसाठी कथा, सदर, अनुवाद, हे सगळं लिहिणंच आहे. त्यातही अनुवादाकडे तू लक्ष द्यावंस असं मला फार वाटतं. निपाणीच्या आजोळामुळे तुला कन्नड घरच्यासारखं येतं. उमा कुलकर्णींनी भैरप्पा आणि कारंत हे कन्नड कादंबरीकार मराठीत आणले, ते आपण घरात किती आवडीनं वाचले आठव. कन्नड वाचून थेट मराठीत लिहू शकणारी माणसं थोडी आहेत, आणि तू त्यांच्यातली आहेस.

नोकरी करत लिहिलं तर लेखन कच्चं राहतं, असं तू म्हणालीस. शिवाजी सावंत आपल्या इथल्या राजाराम हायस्कूलमध्ये शिकवत होते, आणि १९६७ साली 'मृत्युंजय' आली तेव्हाही ते मास्तरच होते. रत्नाकर मतकरींनी बँक ऑफ इंडियातली नोकरी सोडली ती १९७८ साली, आणि तोवर त्यांची नाटकं, कथा लोकांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. दोघांनीही पुढे पूर्णवेळ लिहिलं. आधी लेखनानं जम बसवला, मग नोकरी सुटली. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

तुझी पहाटे पाचला उठून लिहायची सवय मोडू नकोस. ऑफिसात दिवस गेल्यावर रात्री डोक्यात दुसऱ्यांचे शब्द असतात, पहाटे आपले असतात. ही सवय तुला आजीकडून आली असं मी समजतो. ती पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची आणि तू तिच्या मांडीला डोकं लावून ऐकायचीस. कालच्या ओवीत ती आज एखादा शब्द बदलायची आणि तू लगेच तिला अडवायचीस. करवीर नगर वाचन मंदिरात तुझं नाव घातलं ते फार नंतर. ती संस्था १८५० सालची, केवढी पुस्तकं तिथं! पण ऐकायचा कान तुला त्याआधीच आलेला होता. एसटी स्टँडवर बसून लोकांचं बोलणं टिपून घेतेस, तेही चालू ठेव. तुझ्या कथांमधली माणसं बोलतात तेव्हा खरी वाटतात, ती त्यामुळेच.

आता तुझ्या गुऱ्हाळावरच्या कथेबद्दल. तुला कदाचित माहीत नसेल, खिळे जुळवणाऱ्याला लेखन हाताला कळतं. मराठीच्या केसेसना, म्हणजे खिळे ठेवायच्या पेट्यांना, शेकडो घरं. जोडाक्षरं वेगळी, वेलांट्या वेगळ्या, रफार वेगळा. एकेक खिळा उचलून, अक्षर उलटं वाचत स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, लावायचा. 'अत्यंत हृदयस्पर्शी' असं कुणी लिहिलं की हात केसभर हिंडायचा, आणि ओळ पुरी झाल्यावर कळायचं की त्या दोन शब्दांनी तिथं काहीच केलेलं नाही. उलट चांगल्या लेखकाची ओळ लावताना एकही खिळा वाया गेला असं वाटायचं नाही. अशी माणसं गॅली प्रूफातही, म्हणजे पानं पाडण्याआधीच्या कच्च्या छापातही, शब्द काढायची, घालायची क्वचित. ओळी पुन्हा लावाव्या लागायच्या, फोरमन चिडायचा, पण मला त्या दुरुस्त्या करायला आवडायचं. एक शब्द गेला की उरलेलं वाक्य ताठ उभं राहायचं.

तुझी कथा मी त्याच हातानं वाचली. काहिलीतला रस उतू जायला आला असताना ती बाई सासऱ्याशी बोलते, तो भाग इतका चांगला आहे की मी तो तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद काढून टाक. ती घर का सोडते ते त्या बोलण्यातच आलंय, तू ते पुन्हा समजावून सांगत बसलीस. गुळवे आणि जळवे यांच्या कामातही गोंधळ झालाय. जळव्या चुलवाणात चिपाडं घालतो, रसाचा रंग बघून काहील कधी उतरवायची ते गुळव्या ठरवतो. एखाद्या गुऱ्हाळावर दिवसभर बसून ये. वाचकाला एवढी चूक दिसली की पुढच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

कराराचं मी इथल्या वकिलांकडून समजून घेतलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तू स्वतःची म्हणून लिहिलेल्या कथेची पहिली मालक तूच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि तुझ्या सहीनंच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. लेखकाच्या मागे ६० वर्षं हे हक्क टिकतात, म्हणजे तुझ्या मुलाबाळांचाही त्यात वाटा आहे. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढ्या एका ओळीवर सही करू नकोस. छापील पुस्तक, ऐकायचं पुस्तक, अनुवाद, मालिका, प्रत्येकाचं वेगळं लिहून घे. आणि पुस्तक काढायला तुझ्याकडेच पैसे मागणारा कुणी भेटला तर तिथून ऊठ.

ज्या दिवाळी अंकानं कथा मागितलीय त्यांना या आठवड्यात पत्र टाक आणि मानधन किती, कधी देणार ते सरळ विचार. तारीख पाळणार असशील तर विचारायला संकोच कसला? जुलैच्या अखेरीस मजकूर हातात आला नाही तर छापखान्यात काय धावपळ होते ते मी पाहिलंय, तेव्हा तारीख पाळच.

एका वर्षात लिहिण्यातून तुझं निम्मं भाडं निघालं की राजीनामा दे. उरलेलं निम्मं भाडं पुढची दोन वर्षं मी भरीन. आईशी बोलणं झालंय, तिचीही हरकत नाही. त्यासाठीची रक्कम बाजूला ठेवलीय.

कथा दुरुस्त करून रविवारपर्यंत पाठव. कागदाच्या एकाच बाजूला छाप, दोन ओळींत जागा सोड आणि समास मोठा ठेव, मला खुणा करायच्या आहेत.

तुझे
आण्णा